बर्फात जाणाऱ्या मुंबईकरांसाठी: आधी आतले लेयर, मग शेल जॅकेट

दिवाळी झाली की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणी जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालेलं असतं, कुणाला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जागा मिळालेली असते, कुणाच्या ग्रुपने मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखराचा बेत आखलेला असतो. प्रश्न एकच असतो, "कुठलं जॅकेट घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: जॅकेट सगळ्यात शेवटी घ्या. आधी आत काय घालणार ते ठरवा.

आपली अडचण अशी की थंडी आपल्या अंगवळणीच पडलेली नाही. मुंबईतला आजवरचा नीचांक जानेवारी १९६२ मधला, ७.४ अंश. १६ अंशांवर पारा गेला की आपल्याकडे कपाटातले स्वेटर बाहेर येतात. त्यामुळे बर्फ म्हटलं की आपण घाबरून दुकानातलं सगळ्यात जाड जॅकेट उचलतो. माझ्या पहिल्या कोर्सला मीही तेच केलं होतं. आत सुती बनियन, त्यावर कॉटनचा टी-शर्ट आणि वर जाडजूड पॅडिंगचं जॅकेट. पाठीवर सॅक घेऊन अर्धा तास चढल्यावर बनियन पिळून काढावं इतकं भिजलं. मग आइस अ‍ॅक्स कशी धरायची ते शिकवायला सगळ्यांना उतारावर थांबवलं. दहा मिनिटांत पाठीवर कुणीतरी बर्फाची लादी ठेवल्यासारखं झालं. लख्ख ऊन होतं आणि माझे दात वाजत होते. झिप उघडली तर जॅकेटच्या अस्तरावर आतून दहिवराचे बारीक कण चिकटलेले. शेजारी उभ्या असलेल्या गढवाली मुलाच्या अंगात एक पातळ लोकरीचा स्वेटर आणि साधं विंडचीटर होतं. तो कोरडा होता.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून बर्फात कपड्यांचं पहिलं काम घाम बाहेर काढायचं आणि दुसरं काम ऊब धरून ठेवायचं. हा क्रम डोक्यात पक्का बसला की पुढची खरेदी सोपी होते.

आधी आपला दिवस कागदावर मांडा

कुठे जाणार, किती उंचीवर, आणि दिवसातला किती वेळ चालत आणि किती वेळ थांबून जाणार, एवढं लिहून काढा. उंचीचा ढोबळ हिशेब असा की दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे आणि फ्रेंडशिप शिखर ५२८९ मीटर. म्हणजे मनालीच्या बाजारात ५ अंश असतील तेव्हा माथ्यावर उणे १६ च्या आसपास धरायचं. गुलमर्ग २६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट शिखराच्या कुशीत जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. खाली हॉटेलपाशी बरं वाटणारे कपडे वर अपुरे पडतात ते यामुळे.

यात वारा धरलेला नाही. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. वारा अडवायचं काम शेलचं, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या वारा-पाणी अडवणाऱ्या जॅकेटचं, पातळ असला तरी. ऊब देणं हे त्याचं कामच नाही. "एवढं महाग घेतलं आणि थंडी वाजतेच आहे" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की हे वाक्य मी फोनवर सुरुवातीलाच सांगून टाकतो.

अंगाला लागून: यात कंजुषी नको

सुती काहीही नको. बनियन नको, अंतर्वस्त्रंही सुती नकोत, मोजेही नकोत. सूत पाणी शोषून धरून ठेवतं आणि थंडीत वाळत नाही. आपल्याकडच्या बाजारात "थर्मल" म्हणून मिळणाऱ्या, आत चौकडीची शिलाई असलेल्या पांढऱ्या जोड्यांपैकी बऱ्याच सुताच्या किंवा सूतमिश्रित असतात. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. महाबळेश्वरला त्या चालतील, बर्फात चढायला नाही.

दोनच पर्याय धरा. पॉलिएस्टर स्वस्त असतं, लवकर वाळतं, पण दोन दिवसांत वास मारतं. मेरिनो लोकर महाग असते आणि जरा हळू वाळते, पण चार-पाच दिवस वापरली तरी तंबूतल्या जोडीदाराला त्रास होत नाही, आणि ओलसर असतानाही थोडी ऊब टिकवते. चढाईला १५० ते २०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं, कापड पुरतं. मान बंद करणारी छोटी झिप असलेला टी-शर्ट घ्या, ती उघडली की घाम बाहेर पडतो. अंगाला नीट चिकटून बसला पाहिजे, कारण सैल कापड घाम ओढत नाही. दोन जोड्या चालायला आणि एक फक्त झोपायला. झोपायची जोडी दिवसा घालायची नाही, कितीही मोह झाला तरी.

मधला थर

पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचा स्वेटर. जाड, गुबगुबीत फ्लीसपेक्षा दोन पातळ केव्हाही बरे, कारण एक काढता येतो. आतून चौकोनी खाचा असलेला ग्रिड फ्लीस मिळाला तर उत्तम. त्या खाचांमधून हवा खेळते आणि सॅकमध्ये तो छोटा होऊन बसतो. दुकानात फ्लीस तोंडाशी धरून जोरात फुंका. फुंकर आरपार गेली पाहिजे. गेली नाही तर आत वारारोधक पडदा आहे, आणि तो पडदा शेलमध्ये असणारच आहे. एकच काम दोनदा विकत घ्यायचं कारण नाही.

पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा. डेकॅथलॉनचा साधा फ्लीस वर्षानुवर्षं टिकतो. घरी आईने किंवा आजीने विणलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर असेल तर तोही न्या. थंडीत परळला तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार भरतो, तिथे कानटोप्या आणि हातमोज्यांचे इनर बरे मिळतात. लोकर किती आणि अ‍ॅक्रिलिक किती, हे मात्र विचारून घ्या.

आता शेल

बाहेरचं कापड, त्याच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा म्हणजे मेम्ब्रेन, आणि शिवणींवर आतून चिकटवलेली टेप, असा हा एकूण प्रकार. १९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची तापवलेली कांडी हळूहळू ताणायचा नाद सोडला आणि एका झटक्यात ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. त्यातून पुढे गोअर-टेक्स आलं. छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान आणि वाफेच्या कणापेक्षा फार मोठी असतात, म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. आता बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे मेम्ब्रेन आहेत आणि त्यातले काही चांगले आहेत, त्यामुळे नावापेक्षा बांधणी बघा.

बांधणीचे तीन प्रकार. दोन लेयरमध्ये मेम्ब्रेन बाहेरच्या कापडाला चिकटवलेलं असतं आणि आत वेगळं जाळीचं अस्तर लोंबतं. स्कीइंगच्या बऱ्याच जॅकेटांत हेच असतं, आरामदायक पण जड. अडीच लेयरमध्ये मेम्ब्रेनवर आतून फक्त नक्षीसारखा संरक्षक थर छापलेला असतो. हलकं, स्वस्त, पण घाम आला की हाताला चिकट लागतं, आणि मुंबईच्या दमटपणात सगळ्यात आधी हेच खराब होतं. तीन लेयरमध्ये आतलं पातळ अस्तरही मेम्ब्रेनला जोडलेलं असतं. महाग, टिकाऊ, आणि सॅकचे पट्टे महिनाभर घासले तरी तग धरणारं. गिर्यारोहण पुढे चालू ठेवायचं असेल तर तीन लेयरच घ्या. वर्षातून एकदा चार दिवस गुलमर्गला जाणार असाल तर दोन लेयर पुरे.

लेबलवर दोन आकडे असतात. पहिला पाणी अडवण्याचा: कापडावर किती मिलिमीटर उंच पाण्याचा स्तंभ धरला तर ते पाझरत नाही. १०,००० असेल तर कोरड्या हिमात भागतं. पण ओल्या बर्फात बसायचं असेल किंवा जड सॅकचा दाब खांद्यावर येणार असेल तर २०,००० कडे जा. दुसरा आकडा वाफ बाहेर जाण्याचा, एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम. हा मोजायच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या असतात, म्हणून दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा काखेखालची झिप बघा. माझ्या मते शेलमधली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. चढावर कुठलंही मेम्ब्रेन तुमच्या घामाच्या वेगाला पुरं पडत नाही. काखेतली लांब झिप उघडली की एका मिनिटात फरक कळतो. ती झिप हातमोजे घालून, दुसऱ्याची मदत न घेता, एका हाताने उघडता आली पाहिजे.

नव्या शेलवरचं पाणी मोत्यासारखं ओघळून जातं, ते वरच्या रसायनाच्या लेपामुळे. लेप उतरला की बाहेरचं कापड ओलं होऊन जड होतं आणि वाफ कोंडते. पाणी आत आलेलं नसतं, पण आपण आतून घामाने भिजतो आणि "जॅकेट गळतंय" म्हणतो. पर्यावरणाच्या कारणाने आता फ्लोरिनविरहित लेप येत आहेत. चांगली गोष्ट आहे, फक्त ते तेल आणि मळाला लवकर बळी पडतात, म्हणजे जॅकेट जास्त वेळा धुवावं लागणार हे गृहीत धरा.

किमतीचं म्हणाल तर नावाजलेल्या ब्रँडचा तीन लेयरचा शेल पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच जातो. पहिल्याच मोसमात तेवढे घालू नका. संस्था बूट, क्रॅम्पॉन (बर्फात घसरू नये म्हणून बुटांना बांधायचे खिळे), स्लीपिंग बॅग अशा गोष्टी पुरवतात. कोर्सची यादी हातात आल्यावर तिच्यावर खुणा करा आणि मगच दुकानात जा. कोर्सहून परत आल्यावर आपल्याला काय बोचलं हे कळलेलं असतं, आणि तेव्हाची खरेदी शहाणपणाची होते.

थांबल्यावर वरून घालायचं

हे पिसं भरलेलं जाड जॅकेट. डोंगरातले लोक याला फेदर जॅकेट म्हणतात. हे चालताना घालायचं नाही. थांबलो, दोर लावायला वेळ लागतोय, कॅम्पवर पोचलो, की लगेच शेलच्याही वरून चढवायचं. म्हणून ते एक साइझ मोठं घ्या. शेल काढून आत घालायला गेलात तर साठवलेली सगळी ऊब वाऱ्यावर जाते. पिसांचा दर्जा फिल पॉवरच्या आकड्यात मोजतात. ६५० ला काम भागतं, ८०० ला तेवढीच ऊब कमी वजनात मिळते. पिसं ओली झाली की गोळा होऊन निकामी होतात. सिंथेटिक भरणाचं जॅकेट जड असतं, पण दमट हवा आणि ओला बर्फ सोसतं. स्कीइंग शिकणाऱ्याने सिंथेटिक घ्यावं असं मी सांगेन, कारण पहिले चार दिवस तो बर्फात लोळणारच आहे.

स्कीइंगचं वेगळं, चढाईचं वेगळं

स्की जॅकेटला कमरेशी आतून एक इलॅस्टिकचा पट्टा असतो, पडल्यावर बर्फ आत जाऊ नये म्हणून. बाहीवर पास ठेवायचा खिसा असतो. कापड लांब आणि सैल. गोंडोलात आणि रांगेत बसून अंग गार पडतं, म्हणून काहींच्यात हलकं भरणही असतं. हे सगळं उतारावर उपयोगाचं आहे. मात्र नवशिके स्की पायात घालून आडवे आडवे चढतात आणि त्यात दरदरून घाम फुटतो, म्हणून शिकायला जाताना भरण असलेलं स्की जॅकेट टाळा, थांबल्यावर वरून घालायचं सिंथेटिक जॅकेट वेगळं.

चढाईच्या शेलला कमरेचा पट्टा नको, तो हार्नेसखाली, म्हणजे दोर अडकवायच्या कंबरेच्या पट्ट्याखाली, रुततो. खिसे वर, छातीच्या बाजूला हवेत. खालचे खिसे हार्नेस आणि सॅकच्या कंबरपट्ट्याखाली दबतात आणि तुमचं चॉकलेट तिथेच राहतं. झिप खालूनही उघडणारी हवी, म्हणजे बिलेचा (जोडीदाराला सांभाळायचा) दोर जॅकेट न काढता बाहेर येतो. वजन ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान. रंग भडक. पांढरं, राखाडी घेऊ नका, धुक्यात आणि हिमवर्षावात शोधणाऱ्याला तुम्ही दिसला पाहिजेत.

पँटच्या बाबतीत एकच सांगतो: दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीची झिप असेल तर बूट आणि क्रॅम्पॉन न काढता ती चढवता येते. हातमोजे दोन थरांचे, आणि एक जोडी जास्तीची, कारण वाऱ्याने उडालेला मोजा परत मिळत नाही.

अफरवटला गोंडोलाची आखलेली हद्द सोडून स्की करणार असाल तर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र, आतल्या थरावर, शेलच्या आत बांधतात, बाहेरच्या खिशात ठेवत नाहीत. हे आणि बाकीचं तिथल्या प्रशिक्षित गाइडकडून शिकून घ्या, वाचून नाही.

दुकानात जाताना काय न्यायचं

मे महिन्यात टी-शर्टवर घालून बघितलेलं जॅकेट आरशात फार छान दिसतं. वर डोंगरात फ्लीस घातल्यावर तेच बगलेत काचतं. म्हणून पिशवीत तुमचा बेस लेयर (अंगाला लागून घालायचा थर), फ्लीस, हेल्मेट आणि जमलं तर हार्नेस व सॅक घेऊन जा. दुकानदार विचित्र नजरेने बघतील, बघू द्या. एसीत उभं राहून सगळं चढवा.

दोन्ही हात डोक्यावर न्या. जॅकेटची कड हार्नेसच्या पट्ट्यातून वर निसटली तर ते आखूड आहे. हेल्मेटवर हूड ओढून डावी-उजवीकडे बघा. हूड डोळ्यांबरोबर वळला पाहिजे, हूडच्या आत बघायला लागलात तर तो चुकीचा. झिप हनुवटीपर्यंत लावा आणि मोठा श्वास घ्या, घासते का पाहा. हातमोजे घाला आणि प्रत्येक झिप एकदा उघडा, बंद करा. सॅक पाठीवर घ्या आणि खिशात हात घाला. बायकांनी नितंबाशी रुंदी आणि बाहीची लांबी खास बघावी. पुरुषांचं छोट्या मापाचं जॅकेट बहुतेक वेळा कमरेला आवळतं आणि खांद्याला लोंबतं. दहा मिनिटं लागतात, पण माघारी पाठवायचा त्रास वाचतो.

मुंबईत राहून चाचणी

घरी आणल्यावर जॅकेट घालून, आत जुना टी-शर्ट, शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहा. हात वर करून खांद्यांवर आणि पुढच्या झिपवर धार घ्या. टी-शर्ट कुठे ओला झाला ते दिसेल आणि दोष असेल तर मुदतीत बदलून घेता येईल. मग पहिल्याच पावसात कर्जत किंवा कसाऱ्याची लोकल पकडून एक ट्रेक करा.

इथे मात्र सावध राहा. सह्याद्रीच्या पावसात कुठलाही शेल आतून ओला होणार, तीस हजारांचाही. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबाच्या फरकामुळे. जुलैत राजमाचीच्या वाटेवर बाहेर २५-२६ अंश आणि हवा पाण्याने भरलेली, त्यामुळे तो फरक गुलमर्गच्या कोरड्या थंडीतल्या फरकाच्या निम्म्याहूनही कमी असतो. वाफ जाणार कुठे? म्हणून पावसाळी ट्रेकवर गळती, हूड आणि खिसे तपासा. "ब्रीदेबल नाही" असा निकाल तिथे देऊ नका.

थरांची चाचणी हिवाळ्यात करा. डिसेंबरमध्ये बारी गावातून पहाटे चारला कळसूबाई चढायला लागा, १६४६ मीटर. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला. पंधरा मिनिटांनी थांबून अंगात हात घालून बघा. वर मंदिरापाशी वाऱ्यात बसा आणि फेदर जॅकेट सॅकमधून किती लवकर निघतं ते घड्याळ लावून मोजा. एका मिनिटात निघत नसेल तर सॅक भरायची पद्धत बदला, ते सगळ्यात वर हवं.

कपाटातले अकरा महिने

जॅकेट डोंगरात पंधरा दिवस असतं आणि मुंबईत अकरा महिने, आणि बहुतेक जॅकेटं मरतात ती मुंबईत. एका ऑक्टोबरमध्ये मी माळ्यावरून माझा अडीच लेयरचा शेल काढला. पिशवी उघडताच आंबूस वास आला. आत हात घातला तर बोटांना पांढरे पापुद्रे चिकटले, उन्हाने भाजलेल्या पाठीची साल निघते तसे. शिवणीची टेप सुटून लोंबत होती. दमट हवेतला ओलावा पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू फोडतो, आणि घामाचे क्षार राहिलेले असतील तर आणखी लवकर. असं झालं की दुरुस्ती नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. परत आल्या आठवड्यातच शेल धुतो, सगळ्या झिप लावून, थंड किंवा कोमट पाण्यात, निक्वॅक्ससारख्या खास साबणाने. नेहमीची पावडर मागे थर सोडते, आणि फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही. पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. पूर्ण वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर मधे कापड ठेवून कमी आचेची इस्त्री फिरवतो. त्या उबेने पाणी ओघळवणारा लेप परत जागा होतो. तरी पाणी ओघळत नसेल तर फवाऱ्याचा लेप मारतो. फेदर जॅकेट ड्रायर असलेल्या लाँड्रीत देतो, सोबत तीन टेनिसचे चेंडू देऊन, म्हणजे पिसांचे गोळे फुटतात.

माळा, प्लॅस्टिकची पिशवी आणि बाथरूमला लागून असलेलं कपाट, या तीन जागा वर्ज्य. शेल हँगरवर, फेदर जॅकेट सुती उशीच्या अभ्र्यात सैल, दाबून नाही. कपाटात सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवतो, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, पाऊस उघडला की, दोन्ही बाहेर काढून पंख्याखाली तासभर टांगतो. शेल उलटा करून शिवणीच्या टेपवरून अंगठा फिरवतो. काखेपाशी आणि हूडच्या मागे ती आधी सुटायला लागते.